पाण्याखालची जमीन, जमिनीखालचे पाणी

युसूफ वडगावात लहानपणी आम्हाला दोन गोष्टींचा हिशेब शिकवला गेला. एक दुकानातील वहीचा आणि दुसरा घरातील पाण्याचा. आजीला आम्ही सारे ‘बाई’ म्हणत असू. आडावरून आलेली प्रत्येक घागर बाई दुपदरी कापडातून गाळून घेई आणि कापडावर राहिलेली जिवाणी त्याच आडात अलगद सोडण्यासाठी मला पाठवी. “ज्या घरचा जीव, त्याच घरी पोचता कर,” असे ती म्हणे. कंटाळा आला म्हणून एकदा मी ते पाणी अंगणातील तुळशीला घातले, तेव्हा त्या दिवशी बाई जेवली नाही. केज तालुक्यातील या गावात आमच्या आडतीची तिसरी पिढी चालू आहे. पुढे व्यापार वाढला, गावाबाहेर पत्र्याचे मोठे गोदाम झाले, घराघरांत नळ आले. आड बुजला. त्याबरोबर बाईचा तो हिशेबही बुजला, हे मात्र फार उशिरा लक्षात आले; आणि तेही घरापासून हजारो मैल दूर.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त नेदरलँड्समध्ये अ‍ॅमस्टरडॅमलगतच्या अ‍ॅमस्टेलवेन गावी राहतात. जून २०२४ मध्ये आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो. शहर पाहून झाले, कालवे पाहून झाले. पण ज्याचे आयुष्य तुरीच्या, सोयाबीनच्या आणि ज्वारीच्या राशींत गेले, त्याला त्या देशाची शेती पाहिल्यावाचून देश पाहिल्यासारखे वाटेना. आमचे जेवणाचे नियम, सौभाग्यवतींचे गुडघे आणि माझे प्रश्न यांचा विचार करून चिरंजीवांनी एका दिवसासाठी गाडीसह स्वतंत्र मार्गदर्शक ठरवून दिली. रक्कम ऐकून मी सवयीने रुपयांत गुणाकार केला आणि गप्प बसलो. साठी ओलांडलेल्या त्या निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांचे इंग्रजी सावकाश आणि स्वच्छ होते. शुक्रवारी सकाळी त्यांनी आम्हाला घेतले. डबा सोबत होताच. चौविहाराची चिंता नव्हती, कारण तिकडे जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. “इथे चौविहार सोपा, पण त्यात पुण्य किती, कोण जाणे!” असे सौभाग्यवती हसून म्हणाल्या.

पहिला मुक्काम अल्कमार. तेथे उन्हाळ्यातील शुक्रवारी चीजचा जुना बाजार भरतो. चौकात पिवळ्या चाकांच्या रांगा मांडलेल्या. पांढऱ्या पोशाखातील हमाल खांद्यावर पट्टा अडकवून दोघे मिळून लाकडी डोली वाहतात आणि माल थेट काट्याच्या इमारतीत नेतात. या हमालांची संघटना १५९३ पासूनची. व्यापारी नमुना हुंगतो, बोटांनी मोडून पाहतो आणि भाव बोलत समोरच्याच्या हातावर हात मारतो. शेवटची टाळी पडली की सौदा पक्का. मला आपल्याकडील बैलबाजार आठवला. आपल्याकडे रुमालाखाली बोटे धरून भाव ठरतो, तिकडे सर्वांसमक्ष टाळी देऊन. आता हा सोहळा बराचसा पाहुण्यांसाठी आहे, हे शिक्षिकाबाईंनी प्रामाणिकपणे सांगितले. त्यांनी आणखी एक गोष्ट तितक्याच प्रामाणिकपणे सांगितली. दूध फाडण्यासाठी जुन्या पद्धतीत वासराच्या जठरातून काढलेले द्रव्य वापरतात. सूक्ष्मजीवांपासून केलेले द्रव्य घातलेले चीजही मिळते, पण ते विचारून घ्यावे लागते. सौभाग्यवतींनी हात जोडले. आम्ही कालव्याकाठच्या बाकावर बसून खाकरे आणि मेथीच्या पुऱ्या खाल्ल्या. शिक्षिकाबाईंना मेथीची पुरी फार आवडली.

तेथून गाडी स्खेरमरहॉर्नकडे निघाली. सपाट हिरवी जमीन, मधून सरळ रेघेसारखे पाण्याचे चर आणि तीन पवनचक्क्या एका ओळीत. त्यांतील एक आतून पाहता येते. माझी समजूत होती की पवनचक्की म्हणजे पीठ दळणारी. ही चक्की पाणी उपसणारी निघाली. वर पंखे फिरतात, मधला लाकडी खांब फिरतो आणि खाली लाकडाचा भला मोठा मळसूत्री दांडा पाणी घुसळत वर चढवतो. एका चक्कीने खोल पाणी पुरेसे वर चढत नाही. म्हणून पायऱ्यांसारख्या एकीपुढे एक चक्क्या, पहिलीने उचललेले पाणी दुसरी उचलते. येथे पूर्वी सरोवर होते. १६३५ मध्ये पन्नासांहून अधिक चक्क्यांनी ते कोरडे केले. चक्कीतच चक्कीवाल्याचा संसार असे. एकाची चक्की थांबली तर मागच्या सर्वांचे पाणी तुंबे. त्यामुळे रात्री वारा सुटला की झोपेतून उठून पंखे सोडणे, हे त्याचे कर्तव्य.

दुपारी आम्ही डे राइप या विटांच्या घरांच्या टुमदार गावी थांबलो. सरोवरे कोरडी करण्याच्या कामात ज्याचे नाव आजही घेतले जाते, तो यान लेखवाटर याच गावचा, धंद्याने चक्क्या बांधणारा सुतार. त्याने आखलेले १६३० चे नगरगृह अजून उभे आहे आणि तळमजल्यावर गावाचा काटा होता. व्यापाऱ्याच्या नजरेला हे सुखावणारे. पण हेच गाव एके काळी हेरिंग मासा आणि देवमाशाच्या शिकारीवर श्रीमंत झाले, हेही शिक्षिकाबाई बोलून गेल्या. आम्ही दोघांनी मनातल्या मनात नवकार म्हटला आणि पुढे निघालो.

मग गाडी एका बांधावर चढली आणि दुसऱ्या बाजूला खाली उतरू लागली. “मागे पाहा,” शिक्षिकाबाई म्हणाल्या. मागे पाहतो तो बांधाच्या माथ्यावरून एक नाव चाललेली. पाणी वर होते आणि आम्ही खाली! आम्ही बेमस्टरमध्ये, समुद्रसपाटीहून तीन-साडेतीन मीटर खाली असलेल्या सरोवराच्या तळावर आलो होतो. येथे गहू, बटाटे, गाई आणि ट्युलिपचे कंद काढण्याची लगबग. फुलांचा हंगाम संपलेला, क्रेट भरून कंद निघत होते. “म्हणजे एवढे नाव असलेले फूल शेवटी कंदमूळच!” असा सौभाग्यवतींचा शेरा पडला.

बेमस्टरची कथा आपल्या समाजाने ऐकावी अशी आहे. १६०७ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या व्यापाऱ्यांनी हे सरोवर कोरडे करण्याची परवानगी मिळवली. सरोवराभोवती बांध घातला, चक्क्या बसवल्या. १६१० च्या वादळात पाणी पुन्हा आत शिरले, केलेला खर्च बुडाला. त्यांनी पुन्हा भांडवल घातले, बांध उंच केले, चक्क्या वाढवल्या आणि १६१२ मध्ये सात हजार हेक्टरांहून अधिक जमीन वर आली. सरळ रेघांच्या चौकोनांत आखलेली ही जमीन भागधारकांनी वाटून घेतली. १९९९ मध्ये तिला जागतिक वारशाचा मान मिळाला. तो पैसा निर्मळच होता असे नाही. यांतील काही जण पूर्वेकडे मसाल्यांचा व्यापार करणाऱ्या डच कंपनीचे भागीदार होते. वेंगुर्ल्यात वखार घालणारी तीच ही कंपनी. इंडोनेशियातील बांदा बेटांवर जायफळासाठी तिने केलेला संहार इतिहासात नोंदलेला आहे. पण व्यापाऱ्याचे भांडवल पाण्याच्या कामी लागले तर काय होऊ शकते, ते माझ्या पायांखाली होते.

मी विचारले, “आता हे पाणी कोण उपसते?” उत्तर आले, “आम्ही सगळे.” चक्क्यांची जागा यांत्रिक पंपांनी घेतली आहे. पंप थांबले तर हे शेत हळूहळू पुन्हा सरोवर होईल. देशाची सुमारे एक चतुर्थांश भूमी समुद्रसपाटीखाली आहे. १ फेब्रुवारी १९५३ च्या रात्री नैऋत्येकडील बांध फुटले, तेव्हा १,८३६ माणसे गेली. म्हणून पाण्याचा कारभार सांभाळणारी स्वतंत्र मंडळे आहेत, डच भाषेत ‘वाटरस्खाप’. त्यांची परंपरा तेराव्या शतकापासूनची. आज अशी २१ मंडळे आहेत. त्यांच्या निवडणुका होतात आणि घराघरातून वेगळी पट्टी वसूल होते. शिक्षिकाबाईंनी मार्च २०२३ मध्ये मत दिले होते. फोनवर त्यांनी आपल्या पट्टीचा कागद दाखवला. “उंचावर राहणाराही भरतो,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मला विचारले, “तुमच्याकडे पाऊस किती?” मी म्हणालो, साधारण साडेसहाशे मिलिमीटर. त्या चकित झाल्या. “आमच्याकडे साडेआठशेच्या आसपास. मग तुमच्याकडे दुष्काळ कसा?” मी सांगितले की तुमचा पाऊस बाराही महिने थोडाथोडा पडतो, आमचा चार महिन्यांतील मोजक्या दिवसांत कोसळून निघून जातो. आमच्याच तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे. ते आटले तेव्हा एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले. त्यांनी लक्षपूर्वक ऐकले आणि एका शिक्षिकेच्या सहजतेने विचारले, “तुमच्या गावात जमिनीखालचे पाणी कोण सांभाळते?”

मला उत्तर देता आले नाही.

वाचकहो, जे त्यांना सांगता आले नाही ते येथे सांगतो. २०१५ च्या उन्हाळ्यात मी गोदामामागे सहाशे फूट बोअर घेतला. पाणी लागले, पेढे वाटले. गोदामापासून शंभर पावलांवर एका शेतकऱ्याची जुनी, दगडी बांधणीची विहीर. त्यांना सगळे तात्या म्हणतात. तीन पिढ्यांपासून त्यांचा माल आमच्याच आडतीवर येतो. पुढच्या फेब्रुवारीत त्यांची विहीर आटली. त्यांनी बैल विकले. दुकानावर हिशेब करायला आले तेव्हा एवढेच म्हणाले, “शेठ, पाणी खालनं गेलं बघा.” मी म्हणालो, सालच तसे आहे तात्या. ते खोटेही नव्हते. त्या साली तालुक्यातील असंख्य विहिरी आटल्या. माझ्याच बोअरने त्यांची विहीर आटली, हे सिद्ध करता येणार नाही आणि नाकारताही येणार नाही. मी त्यांना रोज चार घागरी नेऊ दिल्या आणि त्यालाच दान समजलो. पुढे माझाही बोअर आटला.

जगडूशहाने दुष्काळात धान्याची कोठारे खुली केली, ही कथा आपण सारे व्याख्यानांत ऐकत वाढलो. धान्याच्या कोठाराला भिंत असते. आतले आपले असते, म्हणून देता येते. जमिनीखालच्या पाण्याला भिंत नसते. ते माझे नव्हतेच, मग मी दान कशाचे केले? समाजाने काही केले नाही असेही नाही. २०१३ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यातील तलावांचा गाळ काढण्याचे मोठे काम भारतीय जैन संघटनेने केले. ते कौतुकाने वाचून मी वर्तमानपत्र घडी घालून ठेवले होते, इतकेच.

परतीच्या वाटेवर मी गाडीत हिशेब मांडला. गोदामाचा पत्रा चार हजार चौरस फूट. साडेसहाशे मिलिमीटर पाऊस. म्हणजे वर्षाला जवळजवळ दोन लाख चाळीस हजार लिटर पाणी माझ्या छपरावरून रस्त्यावर वाहून जाते. नासधूस वजा केली तरी दहा हजार लिटरचे वीस टँकर. सौभाग्यवतींनी विचारले, “कसला हिशेब?” मी म्हणालो, “बाईच्या जिवाणीचा.” त्यांना कळले.

जूनअखेर आम्ही गावी परतलो. दुसऱ्याच दिवशी तात्यांच्या शेतात गेलो. सहाशे फुटांच्या बोअरविषयी मला जे वाटते ते सांगितले आणि गोदामाच्या पत्र्याचे पाणी पन्हाळीने आणून, खडी-वाळूच्या खड्ड्यातून गाळून त्यांच्या विहिरीत सोडण्याची परवानगी मागितली. ते बराच वेळ विहिरीच्या काठावर हात ठेवून उभे राहिले. क्षमा केली असे काही ते म्हणाले नाहीत आणि मलाही तशी अपेक्षा ठेवण्याचा अधिकार नव्हता. मग म्हणाले, “पहिल्या पावसाचं पाणी आत घेऊ नका शेठ. पत्र्यावरली सगळी घाण येती.”

जुलैत काम पूर्ण झाले. एका पावसाळ्याने विहीर भरत नाही, हे मलाही ठाऊक आहे. त्या दिवाळीला नवा चोपडा पुजताना मी एक नवे खाते उघडले. त्यावर ‘विहीर’ एवढेच लिहिले आहे. देणे बाजूला मागील बाकी मांडली. आकडा मात्र घालता आला नाही.