पाचोळ्याचं सुतक

पाऊस उघडला की बडोद्याच्या गोत्रीतल्या आमच्या गॅलरीत कुंडीखालची ताटली हळूच उचलावी. साचलेल्या पाण्यावर राखाडी ठिपके तरंगत असतात. बोट जवळ नेलं की टुणकन उडतात. घरातलं कुणीतरी हमखास ओरडतं, ‘‘अगं, पिसवा झाल्यात, फिनेल ओत!’’ पिसवा कसल्या? हे स्प्रिंगटेल. पोटाखाली दुबेळकं दुमडून आकड्यात अडकवलेलं. आकडा सुटला की ते खाली आपटतं आणि जीव हवेत. अंगाला पाणी चिकटत नाही, त्यामुळे बुडतही नाहीत. चावणं ठाऊक नाही. बुरशी आणि कुजकी पानं खायची, इतकाच संसार.

घराणं मात्र ४० कोटी वर्षांचं. स्कॉटलंडमधल्या रायनीच्या दगडात त्यांचा पूर्वज सापडला. १९२६ साली त्याला नाव देणाऱ्या दोघांपैकी एक होते समरेंद्र मौलिक, आपल्याच देशातले. या कुळातल्या प्लुटोम्युरस प्रजातीचे काही भाऊबंद उघड्यावर पाचोळ्यात राहतात, काही गुहांत. कॉकेशसमधल्या क्रुबेरा गुहेत तर जवळपास १९८० मीटर खोलीवर त्यातली एक जात मिळाली. डोळेच नाहीत तिला. लागणार तरी कशाला? वरून काहीतरी कुजकं झिरपत येतं, त्यावर बुरशी धरते, तेवढ्यावर भागतं.

म्हणजे अंधाराने हे मेले नाहीत. मरतात ते आपल्या टापटिपीने.

गोत्री एके काळी शहराबाहेरचं खेडं. बडोदं पश्चिमेला पसरत आलं आणि शेतं सोसायट्यांखाली गेली. नांगराने उलटलेली, शेणाने वाफाळलेली ती माती. तिच्या ओंजळीत यांची वस्ती असणार. विश्वामित्री नदीतली मगर रस्त्यावर आली तर सकाळी पेपरात फोटो येतो. या वस्त्या उठल्या तेव्हा कुणाला कळलंसुद्धा नाही. कुणी आंघोळ केली नाही, कुणाच्या घरी चूल थांबली नाही.

आता आमच्या सोसायटीच्या कुंपणाकडेची उरलेली पट्टीही पेव्हर ब्लॉकखाली घ्यायचं मीटिंगमध्ये ठरलंय. चिखल होतो म्हणे. कडुलिंब तेवढा वाचला, बुंध्याभोवती सिमेंटचं कडं घालून. त्याची पानं पडतात आणि ऊन वर यायच्या आत पिशवीत भरून कचऱ्याच्या गाडीत जातात.

त्यातलीच टोपलीभर मी झाडणाऱ्या बेनकडून मागून घेते. ‘‘आनुं शुं करशो?’’ त्या विचारतात. कुजवणार, म्हटलं की पदर तोंडाला लावून हसतात आणि वर आणखी दोन मुठी टाकतात.