कसर, वाळवी आणि फ्रीझर

जुन्या शासकीय अभिलेखागारात शिरताच जो उग्र वास नाकाला झोंबतो, तो कागदाचा नसतो. डांबरगोळ्यांचा आणि वर्षानुवर्षे शिंपडलेल्या पावडरींचा असतो. एके काळी कपाटांमागे गॅमेक्झीन सर्रास टाकले जाई. १९९७ मध्ये त्यावर भारतात बंदी आली. संग्रहालयांची कथाही वेगळी नाही. पेंढा भरलेल्या पक्ष्यांना सोमल चोळत, लाकडी वस्तूंना मिथाइल ब्रोमाइडची धुरी देत; ओझोनच्या थराला अपाय करते म्हणून मॉन्ट्रियल कराराखाली त्या धुरीलाही आवर बसला. किडे मरत, हे खरेच. पण तेच विष दप्तर हाताळणारा शिपाई आयुष्यभर हुंगत असे, याची नोंद मला कोणत्याही नस्तीत आढळली नाही.

विषावाचून कीड मारण्याचा एक मार्ग म्हणजे गोठवणे. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या बाइनेकी ग्रंथालयात १९७७ मध्ये दुर्मीळ पुस्तके पोखरणारे भुंगेरे सापडले, तेव्हा ती पुस्तके पिशव्यांत बंद करून सुमारे उणे २९ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवण्यात आली. आता अनेक संग्रहालयांत हा नेहमीचा परिपाठ आहे.

मला हा विषय तपशिलात शिकावा लागला तो अहिवाऱ्यामुळे. दुर्ग जिल्ह्यातले हे लहानसे शहर. जवळच नंदिनीच्या खाणी, ज्यांच्या चुनखडीवर भिलाईच्या भट्ट्या पोसल्या गेल्या. भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली; त्या सुमारास विदर्भातून आलेल्या मराठी कुटुंबांपैकी एक निवृत्तीनंतर येथेच स्थिरावले. घरात एक ट्रंक होती: पणजोबांच्या मोडी वह्या, नऊवारी लुगडी, दिवाळी अंकांचे बांधीव गठ्ठे. शिवाय आजेसासूबाईंचा तंबोरा. घरात राहणाऱ्या वयोवृद्ध सूनबाई मला म्हणाल्या, "भाऊसाहेब, कीड घरभर पसरण्याआधी सगळं जाळून टाका, असं मुलं फोनवर सांगतात. तुमचं काय मत?" मुले पुण्यात आणि अमेरिकेत. मोडी त्यांच्यापैकी कोणालाच येत नव्हती, म्हणजे जाळायचे काय आहे हेही त्यांना ठाऊक नव्हते.

एका ओळखीच्या दुकानदाराने आइस्क्रीमचा आडवा फ्रीझर रिकामा करून दिला. वह्या आणि लुगडी पॉलिथिनच्या पिशव्यांत घालून, हवा दाबून काढून, तोंडे चिकटपट्टीने बंद केली. पिशवी बंद हवी, कारण बाहेर काढल्यावर हवेतले बाष्प थंड वस्तूवर धावते. ते पिशवीवर जमले तर पुसता येते, वहीवर जमले तर शाई फुटते. म्हणून बाहेर काढल्यावरही चोवीस तास पिशवी उघडायची नाही. आणखी एक पथ्य: गारठा झपाट्याने चढला पाहिजे. सावकाश थंडावलेला किडा शरीरात ग्लिसरॉलसारखी द्रव्ये साठवून तग धरू शकतो. त्यामुळे फ्रीझर ठासून भरायचा नाही. थोडे गठ्ठे, मध्ये मोकळी जागा, आणि एका गठ्ठ्याच्या पोटात तापमापक. उणे २० अंश गाठल्यावर एक आठवडा. फ्रीझर उणे १८ वरच अडत असेल तर दोन. मध्येच वीज गेली आणि पारा चढला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आमची एकदा पाचव्या दिवशी गेली.

तंबोराही फ्रीझरमध्ये घाला, असा अमेरिकेतल्या नातवाचा आग्रह होता. त्याला मी ठाम नकार दिला. भोपळा, लाकूड, सरस, रोगण आणि वरचे पांढरे नक्षीकाम हे सारे थंडीत सारख्या प्रमाणात आकसत नाही. जोड उकलतात, रोगणाला तडे जातात. तैलचित्रे आणि हस्तिदंत यांनाही हा उपाय वर्ज्य. तंबोऱ्यासाठी प्राणवायू शोषणाऱ्या पुड्या घालून तो काही आठवडे हवाबंद ठेवणे भाग होते. त्याला साधे पॉलिथिन चालत नाही, प्राणवायू त्यातून झिरपतो. खास बहुस्तरीय पिशवी मागवावी लागली, आणि ती येईपर्यंत तंबोरा ओसरीवर वेगळा ठेवला.

गोठवण्याला प्रशासनात फारसे चाहते का नाहीत, याबद्दल माझे एक मत आहे. धुरी दिली की बिल येते, बिल पास होते, काम झाले असे लेखापरीक्षकालाही दिसते. गोठवण्यात उरते ते फक्त एक रजिस्टर: कोणता गठ्ठा केव्हा आत, केव्हा बाहेर, पारा किती. शिवाय थंडी मागे काहीच ठेवत नाही. विष नाही, तसे संरक्षणही नाही. गठ्ठा पुन्हा त्याच कोंदट कपाटात गेला की कसर परत हजर. बुरशी तर थंडीत मरत नाही, नुसती निपचित पडते. वाळवीचे आणखी निराळे. गठ्ठ्यातली मरते, पण तिचे वारूळ भिंतीखाली शाबूत असते. अहिवाऱ्याच्या त्या घरात आम्हाला कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढावे लागले आणि पावसाळ्यात गळणारा कोपरा आधी दुरुस्त करावा लागला.

पहिल्या वहीचे लिप्यंतर झाले आहे. कापसाचे व्यवहार, उधारी आणि एका विहिरीच्या खोदाईचा पै-पैचा हिशेब. अमेरिकेतला नातू आता दुसऱ्या वहीसाठी दर आठवड्याला फोन करतो. तंबोरा पिशवीतून बाहेर आला असून त्याच्याखाली काळा कागद अंथरला आहे. ताजा भुसा पडला तर त्यावर लगेच दिसतो. दर शनिवारी सूनबाई चष्मा लावून तो पाहतात आणि वहीत तारीख टाकतात. गेल्या शनिवारपर्यंत कागद स्वच्छ होता.