पेवावरचं घर

निलंगा तालुक्यात, तेरणा नदीपासून थोडं आत, आमचं मळ्यातलं घर आहे. गावात त्याला वाडा म्हणतात, पण देशमुखी थाटाचं त्यात काही नाही. काळ्या दगडाच्या भिंती, वर माळवद, दारात ढेलज, मधे अंगण आणि एका अंगाला गुरांचा कोठा. या घरात ‘कुणीतरी आहे’ असं तीन पिढ्या मानत आल्या. काका गेल्यावर काकू एकटी पडली, म्हणून कोरोनाच्या पहिल्या वर्षी नांदेडचं घर बंद करून मी इथे राहायला आले. शेजारच्या मळ्यातल्या बायकांनी मला पहिला प्रश्न विचारला तो हाच, “रात्री झोप लागती का गं तिथं?”

आवाज येतात, हे खरं आहे. दिवे मालवले की वर काहीतरी कुरकुरतं. मग अंगावर भुरभुर माती पडते. कोठ्याकडच्या बळदातून, म्हणजे धान्याच्या जुन्या कोठीतून, माणूस झोपेत घोरावा तसा श्वास ऐकू येतो, थांबतो, पुन्हा सुरू होतो. आणि कधीतरी, विशेषतः पावसाळा सरता सरता, जमिनीतूनच दण्णकन आवाज येतो आणि मांडणीवरची भांडी किणकिणतात.

पहिल्या काही रात्री मी काकूच्या खाटेला खाट लावून झोपले. तिनं मला धीर दिला नाही की देवाचं नाव घ्यायला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं आपलं एक जुनं पांढरं पातळ काढलं आणि माझ्या खाटेच्या वर, माळवदाच्या खाली, चारही टोकं खुंट्यांना बांधून ताणलं. सकाळी उठल्यावर दोघींनी ते अलगद उतरवलं आणि उजेडात अंगणात पसरलं. “हे बघ,” ती म्हणाली, “पिठावानी पडलं की भुंगा लाकूड खातोय. ढेकूळ पडलं की उंदीर. आन् खडा पडला की सर हललं, तिथं खाट टाकायची न्हाई.” त्या दिवशी पातळावर पिवळसर पीठ होतं, दोन ठिकाणी, तुळईच्या अगदी सरळ खाली. तिनं रॉकेलमध्ये बोळा भिजवून तुळईच्या भोकांत कोंबला. बळदातलं घोरणं म्हणजे गव्हाणी घुबडाची पिल्लं. ती भुकेली असली की तसाच आवाज काढतात. शिडी लावून मी पाहिली, हृदयाच्या आकाराची तीन पांढरी तोंडं माझ्याकडे वळली आणि फिस्कारली.

ज्यांनी माळवद पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. खांबांवर तुळया, तुळयांवर सरं, सरांवर किलचन म्हणजे लाकडाच्या चिपा दाटीनं मांडलेल्या, त्यावर पाला आणि त्यावर पांढरी माती. ही पांढरी गावठाणातली, पाणी धरून ठेवणारी, आत झिरपू न देणारी. मृगाच्या आधी दर वर्षी माळवदावर तिचा नवा थर द्यायचा, चोपायचा, उतार काढायचा. जुना थर कुणी काढत नाही. पणजोबांची माती, आजोबांची माती, काकांची माती, सगळी एकावर एक. उन्हाळ्यात या छताखाली जो गारवा मिळतो तो पत्र्याखाली स्वप्नातही मिळत नाही. दिवसभर तापलेलं लाकूड रात्री आवळतं आणि एवढ्या ओझ्याखाली कुरकुरतं. ते कुरकुरणं ऐकून आमच्या घरातल्या पोरांनी पिढ्यान् पिढ्या डोक्यावर गोधड्या ओढल्या.

पण घरात ‘कुणीतरी आहे’ ही गोष्ट या आवाजांमुळे सुरू झालेली नाही. ती अंगणाच्या कोपऱ्यातल्या पेवामुळे सुरू झाली.

पेव म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं आणि पोट ऐसपैस. आत कडब्याचं अस्तर द्यायचं, ज्वारी भरायची, तोंडावर फरशी ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. ज्वारी त्यात वर्षानुवर्षं राहते. मात्र दाणाही श्वास घेतो. बंद पेवातला प्राणवायू तो संपवतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे तळाशी साचून राहतो, त्याला वासही नाही आणि रंगही नाही. जुन्या लोकांना वायूचं नाव ठाऊक नव्हतं, पण रीत पक्की होती. पेव उघडलं की दिवसभर तसंच ठेवायचं, मग दोरीनं कंदील आत सोडायचा, कंदील विझला तर माणूस उतरवायचा नाही.

१९७२ च्या दुष्काळात ही रीत आमच्या घरात पाळली गेली नाही. सगळा मराठवाडा दुष्काळी कामांवर खडी फोडत होता, सुकडी आणि अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोवर जगत होता, आणि आमच्या पेवात ज्वारी होती. ती आहे हे गावाला कळू नये म्हणून पेव रात्री उघडलं. दिवसभर उघडं ठेवायचा प्रश्नच नव्हता. कंदील लावला तर लांबून दिसला असता. घरच्या सालगड्याला उतरवलं. त्यानं पहिली पाटी भरून वर दिली नाही. हाका मारल्या, ओ आली नाही. त्याच्या मागोमाग दुसरा एकजण कमरेला दोर बांधून उतरला आणि अर्ध्यातच त्याची मान लटकली. त्याला ओढून काढलं, तो वाचला. सालगडी पेवातच गेला होता.

लहानपणी आम्हाला यातलं काही सांगितलं गेलं नाही. आम्हाला एवढंच माहीत होतं की पेवात ‘तो’ आहे आणि अमावस्या-पौर्णिमेला उठतो. त्या दिवशी पेवाच्या फरशीवर चतकोर भाकरी, पिठलं आणि एक विडी ठेवली जायची. विडी का, हे विचारलं तर आजी गप्प बसायची. तो विडी ओढायचा, हे मला चाळिशीत कळलं.

आणखी एक गोष्ट याच घरात राहायला आल्यावर काकूकडून कळली. पाडव्याला साल ठरताना सालगडी उचल घ्यायचा, तशी त्यानंही घेतलेली होती. तो मेला तेव्हा साल अर्धं उरलं होतं. ती उचल फिटावी म्हणून त्याचं पोरगं आमच्या गुरांमागं लागलं. दर अमावस्येला बापासाठी फरशीवर विडी ठेवली जात होती आणि त्याच अंगणातून त्याचा मुलगा बापाचं देणं फेडायला गुरं सोडून नेत होता. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली आला. आमच्या मळ्यात पोरगं गुरांमागं लागलं तेव्हा त्याला अजून अवकाश होता, पण हे चूक आहे हे कळायला कायदा लागत नव्हता. मला भुताची भीती कधी फार वाटली नाही. हे ऐकलं त्या रात्री मात्र मला झोप लागली नाही.

मग १९९३ आलं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन झालं होतं, गावोगाव पोरं रात्री उशिरा दमून घरी परतली होती. चतुर्दशी सरून पौर्णिमा लागली होती. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. मी तेव्हा नांदेडला शाळेत होते. आई आम्हाला अंधारात ओढत रस्त्यावर घेऊन गेली एवढं आठवतं. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली बावन्न गावं नव्या जागी वसवावी लागली. ६ रिश्टरच्या थोड्या वरच्या धक्क्यानं एवढा संहार झाला त्याचं कारण डोक्यावर होतं. मातीत रचलेल्या दगडी भिंती दोन पदरी असतात, आतला पदर आणि बाहेरचा पदर, मधे दगडाचा चुरा. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक भिंतींत नव्हता. धक्क्यासरशी पदर फाकले, भिंती झोपलेल्यांच्या अंगावर आल्या आणि वरून टनावारी माती. ज्या घरांत माळवदाचा भार भिंतींऐवजी लाकडी खांबांवर होता, त्यातली काही छतं भिंती पडूनही उभी राहिली. आमचं त्यातलंच. पण उत्तरेकडची भिंत फुगून सगळी आत कोसळली, बरोबर काका-काकूच्या खाटांवर.

खाटा रिकाम्या होत्या. पौर्णिमा म्हणून दोघं घराबाहेर झोपली होती. पौर्णिमेला पेवातला उठतो, म्हणून त्या रात्री आत झोपायचं नाही, ही घरची रीत. कोठ्यात एक बैल दगावला, माणूस एकही नाही.

“त्यानंच वाचवलं,” काकू म्हणते. तीस वर्षं ती हेच म्हणत आली आहे. मी तिच्याशी कधी वाद घातला नाही. वाद घालणार तरी कशावर? तिची भीती तिला बाहेर घेऊन गेली आणि ती जगली. भूकंपानंतर ही दोघं कितीतरी दिवस पत्र्याच्या शेडमध्ये राहिली, दगडी घराच्या सावलीलासुद्धा माणसं तेव्हा भीत होती. मग उत्तरेची भिंत विटांत बांधून ती परत आत आली. माळवदावरच्या मातीला मात्र कुणी हात लावला नाही.

जमिनीतल्या आवाजांचा मला परिचय होता. २००६-०७ च्या सुमारास नांदेड शहरात असेच आवाज सुरू झाले होते. लोक रात्री रस्त्यावर यायचे, अफवा उठायच्या. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेनं तिथे भूकंपमापक लावून अभ्यास केला. अगदी छोटे धक्के, पण खूप उथळ, कठीण बेसॉल्टमध्ये. धक्का उथळ असला की त्याची थरथर जमिनीच्या पृष्ठभागावरून हवेत शिरते आणि कानाला तोफेसारखी ऐकू येते. सप्टेंबर २०२२ मध्ये आमच्याच तालुक्यातल्या हासोरीत हेच झालं, लोक घरं सोडून बाहेर झोपू लागले. किल्लारीच्या आधी, १९९२ मध्येही, तिथल्या माणसांनी असे धक्के आणि आवाज अनुभवले होते, म्हणून हासोरीच्या लोकांची भीती मला अनाठायी वाटली नाही. छोटे धक्के आले म्हणजे मोठा येणारच असं नसतं. पण डोक्यावर दीड हात माती घेऊन त्याची वाट बघत बसणं शहाणपणाचं नाही.

त्या सप्टेंबरात एका रात्री आवाज झाला तेव्हा काकू उठून बसली आणि तिनं पेवाकडे बघून हात जोडले. मी तिला म्हटलं, “काकू, त्यानं तुम्हाला वाचवलं असं तू म्हणतेस ना. मग आपण त्याचं देणं लागतो.” ती बराच वेळ बोलली नाही. सकाळी चुलीपुढं बसल्या बसल्या म्हणाली, “त्येचा नातू लातूरला हाय म्हणं. येळवसला बोलाव.”

वेळ अमावस्या हा आमच्या लातूर भागातला शेतकऱ्यांचा सगळ्यात मोठा सण. अमावस्या असूनही त्या दिवशी कुणाला कसली भीती वाटत नाही, शहरं ओस पडतात आणि शेतं माणसांनी भरतात. कडब्याची कोप उभारायची, तिच्यात पाच पांडव मांडायचे, आंबील, भज्जी, उंडे, खीर. नातू बायको आणि मुलीला घेऊन आला. लातूरच्या एमआयडीसीत काम करतो. काकूनं पहिलं ताट त्याला वाढलं, मग पांडवांना नैवेद्य दाखवला. त्याच्या आजोबांचं नाव मला त्या दिवशी कळलं. ते इथे लिहीत नाही, त्यानंच नको म्हटलं.

जेवण झाल्यावर तो म्हणाला, पेव बघायचं आहे. चौघांनी मिळून फरशी सरकवली. त्यानं दोरीला कंदील बांधून स्वतः आत सोडला. तो वाकून बघत होता. पेवाच्या पोटात, निम्म्यापेक्षा थोडं खाली गेल्यावर ज्योत निळसर झाली, बुटकी झाली आणि विझली. दोरी हातात तशीच धरून तो म्हणाला, “एवढंच करायचं होतं.” त्यावर आमच्यापैकी कुणाला बोलायला तोंड नव्हतं.

काकूनं त्याला सांगितलं की त्याच्या बापानं जी वर्षं गुरांमागं घातली त्यांचे पैसे ती देणार, आजच्या सालाचा जो दर आहे त्या हिशेबानं. त्यानं लगेच हो म्हटलं नाही. पुढे काही आठवड्यांनी फोन आला, मुलीच्या शिक्षणासाठी घेईन म्हणाला. काकूनं त्यासाठी रानातल्या दोन बाभळी आणि एक जुनं लिंब विकलं. पेव उघडं ठेवू नका, हे त्यानं त्याच दिवशी निघताना सांगितलं होतं, आमच्या वासराचं नाही तर कुणाच्या लेकराचं पाऊल जाईल.

पेव भरायला माती हवी होती आणि ती आमच्या डोक्यावरच होती. उन्हाळ्यात दोन गवंडी आणि चार माणसं माळवदावर चढली. ढेलजेकडची निम्मी बाजू उकरली, वीतभर माती ठेवली, तिच्याखाली जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरला. दक्षिणेच्या दगडी भिंतीत जागोजाग आरपार भोकं पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरलं, दोन्ही पदर एकमेकांना धरून राहावेत म्हणून. काढलेली पांढरी घमेल्यांनी पेवात टाकली. काकू खाटेवर बसून कुठला थर कुणी घातला ते सांगत होती. एक थर राखाडी निघाला, “ह्यो भूकंपाच्या आदल्या सालचा, तवा चुलीची राख मिसळली हुती.”

२०२४ च्या मार्चमध्ये हिंगोलीत ४.५ चा धक्का बसला, नांदेड-परभणीपर्यंत जाणवला. माझ्या नांदेडच्या मैत्रिणींनी पहाटेच फोन केले. आमचं काम मात्र अजून अपुरंच आहे. पेव पहिल्या पावसातच हातभर खचलं होतं, अजून एक ट्रॉली माती लागेल असं गवंडी म्हणतो. निम्मं माळवद अजून उतरवायचं आहे, ते कोठ्याच्या बाजूचं, आणि तिथल्या बळदात घुबडांची पिल्लं आहेत. ती उडून जाईपर्यंत काकू कुणाला वर चढू देणार नाही.