चुकलेल्या गाडीला जागा

दुर्गाघाट, वाराणसी
कार्तिक

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचा नकाशा मिळाला. विद्यार्थ्यांनी बनवलेल्या गाड्यांच्या फॉर्म्युला भारत स्पर्धेच्या तयारीसाठी कॉलेजच्या पार्किंगमध्ये ऑटोक्रॉसचा, म्हणजे कोनांमधून घड्याळ लावून एकेक गाडी पळवायचा, कोर्स आखायचं काम टीमने तुझ्यावर सोपवलं, याचा मला फार आनंद झाला. गाडी बनवणाऱ्यांचं कौतुक सगळेच करतात. पण ती कुठून कशी धावेल हे जो ठरवतो, त्याच्या हाती चालवणाऱ्याचा जीव असतो. म्हणून सविस्तर लिहिते.

नकाशात तू वळणं काढलीस, कोनांच्या खुणा केल्यास, अंतरंही लिहिलीस. दिव्यांचे खांब मात्र कुठे दिसले नाहीत. कुंपणाची भिंत, पावसाळी गटार, चेंबरची झाकणं, झाडांचे पार, हेही नाही. सुरुवात तिथूनच करायची. मैदानावर टेप घेऊन जा आणि जे जे गाडीला थांबवू शकेल, उलटवू शकेल किंवा घसरवू शकेल ते सगळं लाल शाईने कागदावर घाल. जमिनीचा उतार कुणीकडे आहे तेही बघ. वळणाच्या बाहेरच्या बाजूला उतार असेल तर पकड कमी होते, तेव्हा तिथे जोरात घ्यायचं वळण ठेवूच नकोस. हा लाल नकाशा तयार झाल्यावर उरलेल्या जागेत कोर्स बसवायचा.

रस्ते-बांधणी शिकवताना मी वर्गात एक प्रश्न नेहमी विचारत असे: वळणावर गाडीची पकड सुटली तर ती कुठे जाईल? बहुतेक मुलं सांगत, वर्तुळाच्या केंद्रापासून थेट बाहेर. तसं होत नाही. पकड पूर्ण सुटली की त्या क्षणी ती जिकडे निघालेली असते तिकडेच जाते, म्हणजे स्पर्शिकेच्या दिशेने. म्हणून प्रत्येक वळणावर, आत शिरण्यापासून बाहेर पडेपर्यंत, चार-पाच ठिकाणांहून स्पर्शिका काढून बघ. पंख्यासारखा एक पट्टा तयार होईल. त्या पट्ट्यात खांब नको, उभी गाडी नको आणि माणूस तर अजिबात नको. फोटो काढायला मुलं नेमकी तिथेच जाऊन उभी राहतात.

पट्टा किती लांब ठेवायचा, याचा हिशेब तुला येतो, तरी मांडून दाखवते. तुमच्या नियमावलीत सलग वळणाचा व्यास ५० मीटरपर्यंत चालतो. त्रिज्या २५ मीटर आणि टायरची पकड गुरुत्वाकर्षणाइतकी धरली तर गाडी ताशी ५६ किलोमीटरच्या आसपास वळते. त्या वेगात गिरकी घेऊन कोरड्या डांबरावर चाकं घासत गेली तर थांबायला सुमारे १८ मीटर लागतात. वेग ७० असेल तर २८. वरकरणी फरक १४ किलोमीटरचाच, पण अंतर दीडपटीहून जास्त वाढलं, कारण ते वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं. खडी किंवा वाळू सांडलेली असेल तर आणखी पुढे. सराव सुरू करण्याआधी झाडू मारून घ्या, ते काम पहिल्या वर्षाच्या मुलांवर ढकलू नका.

म्हणजे वेगाला लगाम घालायचा तो आखणीने. ‘हळू चालवा’ असं सांगून घड्याळाशी स्पर्धा करणारं कुणी हळू चालवत नाही, आणि चालवूही नये. नियमावलीत सरळ पट्टा ८० मीटरच्या आत ठेवलाय तो याच कारणाने. हेअरपिनचा, म्हणजे गाडी उलट फिरवणाऱ्या आवळ वळणाचा, बाहेरचा व्यास किमान ९ मीटर, कोर्सची रुंदी किमान ३ मीटर, स्लॅलमच्या, म्हणजे नागमोडी जायच्या ओळीतल्या, कोनांमधलं अंतर साडेसात ते १२ मीटर, हे सगळं तुमच्या छोट्या, बुटक्या गाड्यांसाठी आहे. तू लिहिलंस की रविवारी घरच्या मोटारी आणणाऱ्यांनाही त्याच कोर्सवर सोडणार आहात. तसं करू नकोस. अमेरिकेतल्या स्पोर्ट्स कार क्लबच्या नियमांत स्लॅलमच्या दोन कोनांमध्ये किमान ४५ फूट, म्हणजे पावणेचौदा मीटर लागतात. उंच एसयूव्हीचा गुरुत्वमध्य वर असतो. डावीकडे-उजवीकडे झटके देणारा अरुंद स्लॅलम अशा गाडीला उलटवू शकतो. मोटारींसाठी वेगळा कोर्स मांड, आणि उंच गाड्यांना नाही म्हण. वाईटपणा आला तरी घे.

आता मजेबद्दल. सुरक्षित कोर्स कंटाळवाणा होतो, अशी तुझ्या टीममधल्या काहींची तक्रार आहे म्हणतेस. मला ती पटत नाही. कंटाळा येतो तो निवड करायला काही उरलं नाही की. कोर्सने चालवणाऱ्याला सतत प्रश्न विचारला पाहिजे: इथे आत्ताच वळलीस तर पुढच्या गेटला, कोनांच्या पुढच्या जोडीला, उशीर होईल, थोडं थांबलीस तर सरळ निघशील, काय करतेस? असा प्रश्न विचारायचा तर पुढचं गेट आधी दिसायला हवं. आपल्या दुर्गाघाटच्या गल्ल्या तुला आठवत असतील. अठराव्या शतकात नारायण दीक्षित पाटणकरांनी घाट बांधला तेव्हापासून मराठी घरं इथे आहेत, पण आजही मोटार मैदागिन चौकापाशी ठेवून पायी यावं लागतं. स्कूटरवाला कोपऱ्यावर हॉर्न वाजवतो कारण पलीकडे सांड बसलाय की माणूस येतोय ते त्याला कळत नाही. तिथे कौशल्याला वाव नाही, सगळं नशिबावर. कोर्सवरचं वळण या गल्लीसारखं झालं की मजाही गेली आणि सुरक्षितताही.

दिसतं की नाही हे उभं राहून तपासू नकोस. तुमच्या गाडीत डोळे जमिनीपासून जेमतेम मीटरभर उंचीवर असतात. प्रत्येक गेटपाशी उकिडवी बस आणि पुढे बघ. उभ्याने स्वच्छ दिसणारा कोर्स बसल्यावर नुसतं कोनांचं रान दिसतो. अशा वेळी कोन वाढवण्याऐवजी कमी कर, आणि वाट कुठली ते दाखवायला उभ्या कोनाच्या शेजारी आडवे कोन टोक त्याच्याकडे करून ठेव. प्रत्येक कोनाच्या बुडाभोवती खडूने चौकोन आखायला विसरू नकोस. कोन उडाला की मार्शलने तो नेमका तिथेच ठेवायचा. नाहीतर दुपारपर्यंत तुझा कोर्स दुसराच झालेला असेल आणि कोन पाडल्याबद्दलच्या २ सेकंदांच्या दंडावरून भांडणं होतील.

उघडत जाणारं वळण मला सर्वांत आवडतं. आत शिरताना आवळलेलं, बाहेर पडताना मोकळं. नवशिका त्यात सांभाळून जातो, जाणकार लवकर ॲक्सिलरेटर दाबतो, दोघंही हसत बाहेर येतात. उलट, आवळत जाणारं वळण चालवणाऱ्याला शेवटी पकडतं. तेही ठेव, पण कोर्सच्या संथ भागात आणि बाहेर भरपूर मोकळी जागा असेल तिथेच. लांब सरळ पट्ट्याच्या टोकाला हेअरपिन कधीही नको. मध्ये एखादं सौम्य वळण घालून वेग आधीच उतरव.

शेवटाकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. रेषा ओलांडली की चालवणाऱ्याचं मन सैल पडतं, डोळे घड्याळाच्या आकड्याकडे जातात, आणि समोर नेमकी बाकीची टीम उभी असते. तुझ्या नकाशातही शेवट सरळ तंबूकडे येतो. तो फिरव. रेषेच्या आधी वळण घे, रेषेनंतर थांबायला कोनांनी बांधलेला पट्टा ठेव, आणि तिथून चालण्याच्या वेगाने बाहेर काढ.

मार्शल उन्हात तासन्‌तास उभे राहतात. त्यांना पाणी, टोपी आणि आळीपाळीने सुट्टी दे. खाली बसायचं नाही, मोबाईल बघायचा नाही, कोन उचलताना येणाऱ्या गाडीकडे पाठ करायची नाही. प्रत्येकाकडे लाल झेंडा आणि ठिकठिकाणी अग्निशामक नळकांडं हवं. रुग्णवाहिका आल्याशिवाय पहिली गाडी सोडायची नाही, कुणी कितीही घाई केली तरी. पहिली फेरी ज्याने आखणी केली नाही अशा कुणालातरी संथपणे मारायला लाव. तो जिथे चाचपडेल तिथे कोन हलव.

तुमच्या पुण्यात रात्री बायपासवर गाड्या पळवणारी मुलं तुझ्याच वयाची असतात. त्यांच्या हौसेला मोकळ्या मैदानात, एका वेळी एकच गाडी सोडून, नीट आखलेला कोर्स मिळाला तर त्यांतली बरीच रस्त्यावरून इकडे येतील, असं मला मनापासून वाटतं. म्हणून तुझं हे काम मी कॉलेजच्या स्पर्धेपुरतं मानत नाही.

लाल शाईने खांब, गटार आणि झाकणं दाखवलेला, स्पर्शिकांचे पट्टे काढलेला आणि शेवट फिरवलेला नवा नकाशा मला पाठव. तो मी बघेपर्यंत गाडी सोडू नकोस. दादाला आणि वहिनीला माझा नमस्कार सांग.

तुझी,
आत्या