नेपाळला जाणाऱ्या भाच्याला

मुदखेड

प्रिय सुधीर,


तुमचा तरुण संघ दिवाळीच्या सुट्टीत नेपाळच्या मंडळ्यांना भेटायला निघालाय, हे वाचून फार आनंद झाला. उपासनेनंतर तुझं पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं. मुदखेडच्या मंडळीकडून तू दोन गोष्टी मागितल्यास, देणगी आणि जुने कपडे. देणगी जमवतो. कपडे मात्र नकोत, आणि ते का, हे जरा सविस्तर सांगते.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या दिवशीच गणपती बुडवून लोक झोपलेले. पुढं आम्ही शाळेतल्या बायका तिकडं मदतीला गेलो. देशभरातून धान्य आलं, तंबू आले, डॉक्टर आले, त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. पण फाटक्या, बटणं तुटलेल्या कपड्यांची गाठोडीही आली आणि रस्त्याच्या कडेला त्यांचे ढीग पडून राहिले. काल-परवापर्यंत स्वतःच्या रानातलं खाणारी, सणाला नवं लुगडं नेसणारी बाई त्या ढिगाला हात लावेना. तिचा तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. म्हणून म्हणते, आपल्याला नको झालेलं काहीही तिकडं नेऊ नका.

नेपाळच्या मंडळ्यांनीही असा दिवस पाहिलाय. तिथं आठवड्याची सुट्टी शनिवारी, त्यामुळं उपासनाही शनिवारीच. २५ एप्रिल २०१५ चा भूकंप शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास आला, तेव्हा गावोगावची मंडळी प्रार्थनेला बसलेली होती. त्या भूकंपात नेपाळात नऊ हजारांच्या आसपास माणसं गेली आणि कितीतरी मंडळ्यांवर उपासना चालू असतानाच छत कोसळलं. पुढं आमच्या महिला मंडळाबरोबर मी धादिंग जिल्ह्यातल्या एका तामाङ वस्तीत गेले होते. तिथल्या एका आजीला मी किल्लारीचं सांगितलं, माझ्या तोडक्यामोडक्या हिंदीत. तिनं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. आम्ही नेलेल्या सामानाबद्दल तिथं कुणी फारसं बोललं नाही. आमच्याकडंही भूकंप झाला होता, आम्हीही माणसं पुरली, हे ऐकायला मात्र सगळी वस्ती जवळ येऊन बसली.

तू नागपुरात राहतोस, म्हणून आणखी एक सांगते. युनायटेड मिशन टू नेपाळ ही संस्था मार्च १९५४ मध्ये तुझ्याच नागपुरात स्थापन झाली. तिची सुरुवात पक्ष्यांपासून झाली. मसुरीच्या शाळेतले रॉबर्ट फ्लेमिंग १९४९ साली पक्ष्यांच्या अभ्यासासाठी नेपाळात गेले. पुढच्या खेपेला त्यांची डॉक्टर पत्नी बेथेल आणि आणखी एक डॉक्टर बरोबर होते. त्यांनी तानसेनला रोगी तपासले, आणि त्यातून तिथं दवाखाना काढायची परवानगी मिळाली. तो दवाखाना आजही चालू आहे. धर्मांतराचं काम करायचं नाही, ही सरकारची अट संस्थेनं मान्य केली आणि दवाखाने, शाळा, पाणी, वीज यांत आयुष्यं घातली.

मग मंडळी उभी कुणी केली? नेपाळ्यांनीच. गंगाप्रसाद प्रधान काठमांडूत जन्मले, दार्जिलिंगला शिकले. त्यांनी ज्यावर आयुष्य वेचलं ते नेपाळी बायबल १९१४ साली छापून झालं. ते कुटुंबकबिला घेऊन मायदेशी परतले, तर ख्रिस्ती लोकांना इथं जागा नाही म्हणून राणा सरकारनं त्यांना परत पाठवलं. आपल्या पंडिता रमाबाईंनीही केडगावात बसून मूळ भाषांवरून मराठी बायबल केलं. १९२२ साली त्या गेल्या आणि ते छापून झालं १९२४ मध्ये. आपली मंडळी आपल्याच माणसांनी अशी घडवलेली असते. तानसेनला १९६० मध्ये बाप्तिस्म्यावरून नेपाळी बाया-माणसं तुरुंगात गेली. १९९० च्या लोकआंदोलनानंतर धर्मासाठी कोंडलेले सुटले. १९६१ च्या जनगणनेत नेपाळात ४५८ ख्रिस्ती होते, २०२१ मध्ये ५,१२,३१३. हा आकडा तुमच्या-माझ्यासारख्यांच्या सहलींनी वाढलेला नाही.

म्हणून तुमच्या पत्रकावरचे 'सुवार्ता दौरा' हे शब्द काढून टाक. नेपाळच्या २०१५ च्या घटनेनं दुसऱ्याचं धर्मांतर करायला बंदी घातली आहे. २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी कायद्यात त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर काढतात. तुम्ही तिथं परदेशीच. पण तुमच्यापेक्षा जास्त भोगावं लागेल ते तुम्हाला घरात घेणाऱ्या पाळकाला. तुम्ही आठवड्यानं गाडीत बसाल, त्याला त्याच गावात राहायचंय. तेव्हा पत्रकं वाटू नका, प्रार्थनेचे, बाप्तिस्म्याचे फोटो मोबाइलवरून कुठंही टाकू नका. एखाद्या उत्साही पोरानं ऐकलं नाही, तर त्याला नागपुरातच ठेव. तू कठोर झालास असं कुणी म्हटलं तर म्हणू दे.

तिथल्या उपासनेत बसायला जमिनीवर, चपला बाहेर, बाया एका बाजूला आणि पुरुष एका बाजूला, आपल्या खेड्यातल्यासारखंच. तिथली ढोलकी, मादल, वाजेल. तुम्ही 'उपासना संगीत' घेऊन जा आणि ना. वा. टिळकांचं एखादं भजन म्हणा. त्यांना अर्थ कळला नाही तरी चाल कळते, आमच्या वेळी आजीबाईंनी टाळ्यांचा ठेका धरला होता. जेवायला डाळ-भात येईल, मागून वाढून घ्या. प्रवासाचं तू पाहशीलच. गोरखपूरहून सोनौलीची सीमा, व्हिसा लागत नाही, पण प्रत्येकाकडं पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. आणि निदान एक शनिवार एकाच मंडळीत पूर्ण घालवा, धावत पाच गावं करू नका.

तिकिटं काढण्याआधी तिथल्या पाळकांना विचार की, आम्ही यावं का, कधी यावं, काय आणावं. त्यांनी छपराचे पत्रे मागितले तर आपण पत्रे देऊ. नुसते या म्हटलं तर नुसते जा. आणि यंदा नको असं आलं, तर मनाला लावून न घेता दौरा रद्द करा. हे आजच लिहून पाठव, आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत मुदखेडची देणगी माझ्याकडंच राहील.

तुझी,
आत्या