पाय पुढे करताना



वारकरी भेटला की आपण त्याच्या पायांवर डोके ठेवतो आणि तोही लगेच आपल्या पायांवर ठेवतो. तिथे वय, जात, विद्या काही विचारायचे नसते. चाळीस वर्षे कीर्तनातून ही रीत मी लोकांना सांगितली. मला स्वतःला ती किती कळली होती, ते आज तुमच्यापुढे कबूल करतो.

कीर्तन थांबवले त्याच उन्हाळ्यात तुमसरजवळच्या एका गावी सप्ताहाला गेलो. काल्याचे कीर्तन एका तरुण बुवांचे होते. मी टाळकऱ्यांत उभा होतो. हार घालताना माझे नाव कुणाला आठवले नाही. एवढेच झाले, पण मी पंगतीला न बसता उठलो. राग असा, की चपला शोधायलाही थांबलो नाही. भर दुपारी डांबरी रस्त्याने अनवाणी चालत घर गाठले, तोवर तळव्यांना फोड आले होते.

आमच्या गल्लीत एक निवृत्त ख्रिस्ती मास्तर राहतात. माझे लंगडणे पाहून त्यांनी मला ओट्यावर बसवले, परातीत पाणी आणले आणि खाली बसून माझा पाय हातात घेतला. मी पाय ओढला. "मास्तर, हे काय? तुम्ही वयाने मोठे!"

ते म्हणाले, "बुवा, नको म्हणण्यातही अभिमान असतो. द्या पाय."

पाय धुता धुता त्यांनी सांगितले, की शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. ते काम चाकराचे. पेत्र नावाचा शिष्य तयार होईना. धुऊ दिले नाहीस तर माझ्याशी तुझा संबंध उरणार नाही, असे येशूने सांगितले तेव्हा तो कबूल झाला.

सज्जनहो, माझ्या पायांवर आजवर शेकडो डोकी टेकली. दर वेळी मी उलट वाकलो, पण आत कुठेतरी थोडा मोठा होत गेलो. त्या दुपारी कुणीतरी माझे मळलेले, फोड आलेले पाय धुतले आणि मी लहान झालो. वाकणे मला येत होते, घेणे येत नव्हते.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गोष्ट मास्तरांनीच काढली. टिळक नागपूरहून राजनांदगावला नोकरीवर निघाले होते. आपल्या तुमसर रोडवरूनच जाणारा तो रेल्वेमार्ग. गाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यातले डोंगरावरचे प्रवचन त्यांच्या मनात रुतले. दीनांना आणि सौम्यांना धन्य म्हणणारे ते प्रवचन. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, हे ते उघड सांगत. अभंग आणि कीर्तन त्यांनी सोडले नाही. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' उभा केला. एवढा विद्वान कवी, पण ज्याचे घेतले त्याचे ऋण मानायला संकोचला नाही.

मग मास्तरांचे ऋण मानायला मी का संकोचावे? त्याने गळ्यातली तुळशीची माळ सैल होत नाही. उलट, तुकोबांनी देवाकडे लहानपण का मागितले, ते मला ख्रिस्ती माणसाच्या परातीत उमगले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात ते तरुण बुवा उभे. हातात पिशवी, पिशवीत माझ्या चपला. "महाराज, काल तुम्ही न जेवता गेलात," म्हणाले आणि चपला माझ्या पायांशी ठेवायला वाकले.

आदल्या दिवशी मी हाराची वाट पाहिली होती, आणि ज्यांचा मला राग आला होता त्यांनी माझ्या चपला सांभाळल्या होत्या. मी त्यांना थांबवले नाही. चपला ठेवू दिल्या. मग फोडांच्या पायांनी खाली बसलो आणि त्यांच्या पायांवर डोके ठेवले. चाळीस वर्षांतला माझा तो पहिला नमस्कार असावा.

रामकृष्णहरी.