शिडीवरची पाच मिनिटं

नवी तुकडी आली की पहिल्या दिवशी मी मुलांच्या हातात एकही यंत्र देत नाही. उदबत्ती देतो. बोईसरला भाड्यानं घेतलेल्या एका गाळ्यात आमचा वर्ग भरतो. खिडक्या बंद, पंखा बंद, एसी चालू आणि दाराखाली बोटभर फट. उदबत्ती घेऊन खोलीभर हळू फिरा, धूर कुठे जातो ते पाहा आणि कागदावर बाण काढा, एवढंच सांगतो. अर्ध्या तासानं कागद गोळा केले की दहा मुलांची दहा चित्रं निघतात. कुणी भराभर चाललेला असतो, त्याच्या चालण्यानंच हवा ढवळलेली असते. कुणी उदबत्ती तोंडाशी धरलेली असते, धूर त्याच्याच श्वासानं हललेला असतो. एका वर्षी साताऱ्याकडची एक मुलगी कोपऱ्यात गेली, हात लांब केला, श्वास रोखून उभी राहिली आणि दाराखालच्या फटीतून धूर बाहेर ओढला जातोय हे तिनं टिपलं. बाकी कागदावर तिनं काहीच काढलं नव्हतं. म्हणाली, "सर, बाकीचं मला नीट दिसलं नाही." आज फिल्टरमधली गळती ती माझ्यापेक्षा चांगली शोधते.

औषध कारखान्यांतले निर्जंतुक विभाग आणि रुग्णालयांची शस्त्रक्रियागृहं इथली हवा तपासणं हा माझा सत्तावीस वर्षांचा धंदा आहे. फिल्टरमधून हवा गाळून येते का, पुरेशी येते का, हव्या त्या दिशेनं वाहते का आणि बिघडल्यावर किती वेळात पुन्हा स्वच्छ होते, हे चार प्रश्न. गेली काही वर्षं मी हे काम करतो त्याहून जास्त शिकवतो. शिकवायला लागल्यापासून एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही, तिच्यासाठीच हा लेख.

आधी फिल्टरबद्दल सांगितलं पाहिजे, कारण त्याविषयीचा गैरसमज शिकलेल्या इंजिनिअरांमध्येही असतो. हेपा फिल्टर म्हणजे बारीक चाळणी, असं बहुतेकांना वाटतं. तसं असतं तर त्याची भोकं धुळीच्या कणाहून लहान असायला हवी होती. प्रत्यक्षात काचेच्या तंतूंच्या त्या कागदातल्या मोकळ्या जागा कणांपेक्षा कितीतरी मोठ्या असतात. मोठा कण वळणावर हवेबरोबर वळू शकत नाही, सरळ जाऊन तंतूवर आदळतो. मधल्या आकाराचा कण तंतूच्या जवळून जाताना त्याला घासतो आणि चिकटून बसतो. अगदी सूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात नाचत असतो, आणि नाचता नाचता तंतूला लागतो. म्हणजे मोठे सापडतात, सूक्ष्मही सापडतात. निसटतात ते साधारण 0.1 ते 0.3 मायक्रॉनच्या दरम्यानचे. माणसाचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास जाड धरला तर त्याच्या दोनशेव्या हिश्शाहून मोठे नाहीत. म्हणून फिल्टरची परीक्षा याच सर्वांत निसटत्या कणावर घेतात. एच-14 दर्जाच्या फिल्टरनं अशा एक लाख कणांपैकी पाचाहून जास्त सोडायचे नसतात.

आमच्या गाळ्यापासून तारापूरचं अणुवीज केंद्र लांब नाही. मुलांना मी सांगतो की या फिल्टरचा जन्म अणूच्याच कामात झाला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैनिकांच्या विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांत एक विशेष कागद सापडला. त्यावरून अमेरिकी सैन्यानं आपला कागद बनवला, आणि अणुबाँबच्या प्रकल्पात किरणोत्सारी धूळ अडवायला तो वापरला गेला. पुढे न्यू मेक्सिकोतल्या सँडिया प्रयोगशाळेत विलिस व्हिटफिल्ड यांनी खोलीतली हवा ढवळू न देता एकाच दिशेनं, सगळीकडे सारख्या वेगानं सोडायची कल्पना मांडली. 1964 साली तिला पेटंट मिळालं. त्याच दशकात इंग्लंडमध्ये राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली खुब्याचे सांधे बदलत होते आणि जखमा चिघळण्यानं हैराण झाले होते. त्यांनी ऑपरेशनच्या टेबलाभोवती गाळलेल्या हवेचं बंदिस्त घरटं उभारलं आणि चिघळण्याचं प्रमाण झपाट्यानं खाली आणलं. आपल्याकडच्या शस्त्रक्रियागृहात छतातून जो हवेचा पडदा टेबलावर उतरतो, त्याचं मूळ तिथे आहे.

फिल्टर कारखान्यातून तपासूनच बाहेर पडतो, मग जागेवर पुन्हा कशाला, हा प्रश्न प्रत्येक तुकडीत येतो. उत्तर द्यायला मी एक जुना फिल्टर ठेवला आहे. त्याच्या घडीदार कागदावर खोकं उघडताना कुणाचा तरी अंगठा पडलेला आहे. पाहिलं तर नुसता दबलेला वण. तपासलं तर भोक. खेरीज ट्रकमधले धक्के, कडेचं तिरकं बसलेलं गॅस्केट, एका बाजूनं जास्त आवळलेले बोल्ट, हाउसिंगच्या वेल्डिंगमधली फट. फिल्टर उत्तम असून हवा त्याला वळसा घालून येऊ शकते, आणि माझ्या अनुभवात कागदापेक्षा कडाच जास्त वेळा गळतात.

तपासणी अशी. फिल्टरच्या वरच्या बाजूला, डक्टमध्ये, पीएओ नावाच्या तेलाचं धुकं सोडायचं. त्याचे कण मायक्रॉनहून लहान असतात. आधी फोटोमीटरनं वरचं धुकं मोजून तेच शंभर टक्के धरायचं. मग शिडीवर चढून, फिल्टरच्या तोंडापासून इंचभर अंतरावर प्रोब, म्हणजे फोटोमीटरचं हवा ओढणारं तोंड, धरून पट्ट्या-पट्ट्यांनी सगळा पृष्ठभाग आणि चारही कडा तपासून काढायच्या. वरच्या धुक्याच्या 0.01 टक्के, म्हणजे दहा हजारांत एक भाग कुठे मिळाला तर ती गळती.

यात फसायच्या जागा दोन. पहिली वर. धुकं पातळ असेल किंवा डक्टमध्ये नीट मिसळलं नसेल तर यंत्र त्या पातळ धुक्यालाही निमूट शंभर टक्के मानतं, आणि खाली खरी गळती आकड्यांच्या थरथरीत बुडून जाते. लिटरमागे 20 ते 80 मायक्रोग्रॅम धुकं असावं, हे मी मुलांकडून पाठ करून घेतो.

दुसरी जागा हात. प्रोब सेकंदाला पाच सेंटिमीटरपेक्षा वेगानं फिरवायचा नसतो. आता हिशेब करा. दोन फूट बाय दोन फूट फिल्टर, म्हणजे 61 सेंटिमीटरची बाजू. प्रोबची रुंदी तीन सेंटिमीटर, पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवायच्या, म्हणजे साधारण चोवीस फेऱ्या. चोवीस गुणिले 61, भागिले पाच. दोनशे त्र्याण्णव सेकंद. शिवाय चारही कडांचे पन्नास सेकंद. पाच मिनिटांच्या खाली हे काम होत नाही, पावणेसहाच धरावीत. चाळीस फिल्टरांना पावणेचार तास, तेही शिडी सरकवण्याचा वेळ न धरता. हा हिशेब मी फळ्यावर करतो आणि मग मुलांना एक अहवाल दाखवतो, त्यात चाळीस फिल्टर दीड तासात तपासल्याची वेळ नोंदलेली आहे. सगळे पास. खाली सही, शिक्का आणि फोटोमीटरच्या कॅलिब्रेशनचा चोख दाखला.

ही घाई मी केलेली आहे. धंद्यातलं माझं तिसरं वर्ष. दिवाळीत कारखाने शटडाउन घेतात, त्यामुळे आमचा मोसम तोच. डोळ्यांत घालायच्या औषधाचा विभाग होता, लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ होती आणि मला गाडी पकडायची होती. शेवटचा फिल्टर मी दीड मिनिटात उरकला आणि कागदावर 0.002 लिहिलं. तो आकडा यंत्रानं खरोखरच दाखवला होता. नंतर कारखान्यानं मीडिया फिल केलं, म्हणजे औषधाऐवजी जिवाणूंचं खाद्य भरून बाटल्या चौदा दिवस ठेवल्या. काही बाटल्या गढूळ झाल्या. माझ्या वरिष्ठांनी, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो, तो फिल्टर पुन्हा स्कॅन केला. एका कोपऱ्यात गॅस्केटपाशी 0.3 टक्के. गढूळपणा त्याच गळतीनं आला हे कुणी सिद्ध केलं नाही, आणि औषध तर भरलंच गेलं नव्हतं. काका मला रागावले नाहीत. त्यांनी मला शिडीवर चढवलं, स्वतः खाली घड्याळ धरून उभे राहिले आणि तो एक फिल्टर माझ्याकडून सहा वेळा करून घेतला. सहाव्या वेळी माझा हात त्या कोपऱ्यावर थांबला, तेव्हा "आता ऐकू आलं?" एवढंच विचारलं. फोटोमीटरचा गजर तेव्हा वाजत होता.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की हे कौशल्य हातात असतं आणि त्याची परीक्षा हाताचीच घ्यायला हवी. ब्रिटनमध्ये सीटीसीबी-आय नावाचं मंडळ क्लीनरूम तपासणाऱ्यांची परीक्षा घेतं. लेखी पेपर असतोच, पण उमेदवाराला परीक्षकासमोर प्रत्यक्ष चाचणीही करून दाखवावी लागते. त्याच देशात कारखान्यांतली धूळ आणि वाफा ओढून घेणारी यंत्रणा कायद्यानं चौदा महिन्यांच्या आत तपासावी लागते, आणि ती तपासणाऱ्यांसाठी पी-601 हा वेगळा अभ्यासक्रम आहे. सत्तावीस वर्षांत तारापूर, अंबरनाथ, वाळूज, गोव्यातलं वेर्णे अशा किती गेटांतून मी आत गेलो. प्रत्येक ठिकाणी माझ्या फोटोमीटरचा दाखला मागितला गेला. मला स्वतःला हे काम येतं याचा दाखला एकाही गेटवर कुणी मागितला नाही. यंत्र वर्षाला प्रयोगशाळेत जातं, ते धरणारा हात कधीच जात नाही.

माझ्या वर्गात यावर जमेल तेवढा इलाज आहे. एका फिल्टरला मी मुद्दाम टाचणीची तीन भोकं पाडतो, कुठे ते सांगत नाही. तिन्ही सापडेपर्यंत मुलाला बाहेरच्या कामावर पाठवत नाही. कुणाला दोन दिवस लागतात, कुणाला दोन आठवडे. मागच्या वर्षीचा अहवाल चाचणीआधी वाचायचा नाही, हाही नियम आहे, कारण "इथे दरवर्षी पास होतं" हे डोक्यात असलं की हात आपोआप सुटतो.

गळतीपलीकडे हवेच्या फेऱ्यांची चाचणी असते, म्हणजे खोलीच्या आकारमानाइतकी हवा तासाला किती वेळा येते ते मोजायचं, आणि तिथे आकडा फार लवकर समाधान देतो. पाच मीटर लांब, चार रुंद, तीन उंच खोली, म्हणजे साठ घनमीटर. त्याच मापाच्या दोन फिल्टरांतून सेकंदाला 0.45 मीटर वेगानं हवा आली तर तासाला वीस फेऱ्या होतात. कागदावर छान. पण एका फेरीत खोलीतली सगळी जुनी हवा जाते असं समजू नका. हवा मिसळत असते, त्यामुळे एका फेरीनंतरही सदतीस टक्के जुनी हवा उरते. नव्व्याण्णव टक्के कण जायला वीस फेऱ्यांच्या खोलीत चौदा मिनिटं लागतात आणि क्षयरोग्यांच्या बारा फेऱ्यांच्या खोलीत तेवीस. तेही हवा सगळीकडे सारखी मिसळली तर. हवा परत ओढून घेणारी रिटर्नची जाळी फिल्टरच्या अगदी खाली असेल तर ताजी हवा आली तशी निघून जाते आणि कोपरा तसाच कुबट राहतो. वीस फेऱ्यांचा आकडा तेव्हाही बरोबरच असतो. हे फक्त धूर दाखवतो. उदबत्तीनं सुरुवात करण्याचं कारण हे. क्लीनरूममध्ये अर्थात उदबत्ती चालत नाही, तिथे शुद्ध पाण्याचं धुकं करतात.

कारखान्यांत निदान तपासायला अधिकारी येतात. मला खरी चिंता लहान रुग्णालयांची आहे. तालुक्याच्या गावात आजही शस्त्रक्रियागृहात भिंतीवर घरगुती स्प्लिट एसी दिसतो. तो खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा खोलीत सोडतो, बाहेरची ताजी हवा आत घेत नाही. रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या एनएबीएच या मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत असे एसी शस्त्रक्रियागृहात वापरू नयेत असं स्पष्ट आहे. जिथे मोठी यंत्रणा बसवली आहे तिथेही पावसाळ्यात ताज्या हवेचं तोंड पुठ्ठ्यानं बंद केलेलं मला सापडलं आहे, पाणी आत येतं म्हणून. डॉक्टरांना ते ठाऊकही नव्हतं. अशा ठिकाणी तपासणीचं कंत्राट बहुधा सर्वांत कमी दराला जातं, आणि सर्वांत कमी दर म्हणजे सर्वांत कमी मिनिटं.

हा अंक वाचणाऱ्यांत डॉक्टर असतील, रुग्णालयांचे विश्वस्त असतील, कारखान्यांच्या गुणवत्ता विभागातले अधिकारीही असतील. तुम्हाला फोटोमीटर कळायची गरज नाही. पुढच्या वेळी तपासणारा माणूस आला की गाऊन घाला, आत जा आणि शिडीशेजारी घड्याळ घेऊन उभे राहा. दोन फूट बाय दोन फूट फिल्टरला पाच मिनिटांहून कमी वेळ लागला, तर अहवालावर सही करू नका.